पन्नास, पंचाहत्तर, सत्त्याण्णव



या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, बालविकासतज्ज्ञांचं शिक्षण हा तुमचा विषय कधीपासून झाला? तुम्ही आयुष्यभर प्रमाणविचार शिकवलात." प्रश्न रास्त होता. आम्ही म्हटलं, प्रमाणविचार शिकवला म्हणूनच. एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक आहे असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो, कोणाचं म्हणणं पुरावा धरतो आणि कोणाचं नुसतं ऐकून घेतो, हा आमचा धंदा. गेल्या वर्षभरात या तज्ज्ञमंडळींचं बरंच लेखन वाचलं आणि सारखं असं वाटत राहिलं, की नेमका हाच प्रश्न त्यांच्या कामाच्या गाभ्याशी आहे. मात्र त्यांच्या शिक्षणात त्याला पुरेशी जागा मिळालेली दिसत नाही. आज टीका करणार आहोत. पण आधी ज्यांच्यावर टीका करायची त्यांचं घर नीट पाहून येऊ.

ही विद्याशाखा तशी तरुण आहे. मुलांचा डॉक्टर म्हणजे ताप, जुलाब, गोवर, लशी. मूल बोलतं कधी, लक्ष का देत नाही, दुसऱ्या मुलाला चावतं का, हे प्रश्न एक तर मानसशास्त्राचे, नाहीतर आजीचे. १९६७ साली अमेरिकेत ज्यूलियस रिचमंड यांनी आग्रहानं मांडलं, की बालविकास हे बालरोगशास्त्राचं मूलभूत शास्त्र मानलं पाहिजे. पुढे १९८२ मध्ये तिथे या तज्ज्ञांची संस्था स्थापन झाली. सुरुवातीला तिच्या नावात नुसतं 'वर्तन' होतं, 'विकास' मागाहून आला. आम्हाला या क्रमाची गंमत वाटते. मूल त्रास देतं हे आधी दिसतं, मूल वाढतंय हे नंतर. २००२ साली या उपशाखेची पहिली प्रमाणपत्र परीक्षा झाली. आज तिथे कोणाला असा तज्ज्ञ व्हायचं असेल तर वैद्यकीय शिक्षणानंतर तीन वर्षं बालरोग आणि त्यावर आणखी तीन वर्षं हे शिक्षण. इतकं करून बाहेर पडणारे इतके थोडे, की भेटीसाठी पालक महिनोन्‌महिने थांबतात.

या मंडळींचं एक नियतकालिक आहे. त्यात 'चॅलेंजिंग केस' नावाचं एक सदर अनेक वर्षं चाललं. एका मुलाची हकिगत द्यायची आणि त्यावर वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या दोन-तीन जाणकारांनी आपापलं म्हणणं लिहायचं. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, कधी आणखी कोणी. वाचताना लक्षात येतं, की प्रत्येकाला त्या हकिगतीत वेगळंच वाक्य महत्त्वाचं वाटलेलं असतं. आमच्या मते या विद्याशाखेनं जे सर्वांत चांगलं शिक्षण दिलं ते या प्रकारातून. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे आम्ही कडक बोलणार आहोत.

आता त्या यादीकडे येऊ. यादी तुम्हाला ठाऊक आहे. मूल पालथं कधी पडतं, बसतं कधी, टाटा कधी करतं, दोन शब्द जोडून कधी बोलतं. विकासाचे टप्पे. आर्नल्ड गेझेल यांनी १९११ मध्ये येल विद्यापीठात मुलांचं निरीक्षण करणारं केंद्र सुरू केलं, पुढे मुलांचं चित्रीकरण केलं आणि कुठल्या वयात काय दिसतं याची कोष्टकं तयार केली. ती मुलं प्रामुख्यानं न्यू हेवन गावातली, बऱ्याच अंशी सुस्थितीतल्या गोऱ्या घरांतली. तिथून ही कोष्टकं जगभर फिरली. आपल्याकडे बडोद्याला प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांसाठी प्रमाणं बसवण्याचं मोठं काम केलं. त्या कामाची आठवण आपण फारशी ठेवत नाही. असो.

अमेरिकेतलं रोगनियंत्रण केंद्र, सीडीसी, पालकांसाठी अशा टप्प्यांच्या याद्या काढतं. २०२२ च्या फेब्रुवारीत त्यांनी आणि तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं मिळून या याद्या बदलल्या. १५ आणि ३० महिन्यांच्या नव्या याद्या आल्या. रांगणं यादीतून गेलं, कारण बरीच धडधाकट मुलं रांगतच नाहीत, थेट उभी राहतात. 'सुरुवात करतं', 'कदाचित करेल' असे गुळमुळीत शब्द काढून टाकले. हे सगळं चांगलंच झालं. पण मुख्य बदल आकड्याचा होता. पूर्वी साधारण निम्मी मुलं जे करतात ते त्या वयाचा टप्पा म्हणून धरलं जायचं. आता निदान पंचाहत्तर टक्के मुलं जे करतात ते त्या वयाचा टप्पा.

वरवर पाहता हा हिशेबाचा मामला वाटतो, पण जरा थांबा. एकच कौशल्य घ्या. निम्मी मुलं जे अमुक महिन्यात करतात, ते पंचाहत्तर टक्के मुलांनी करायला आणखी काही महिने जाणार. म्हणजे आकडा वर गेला की टप्पा पुढच्या वयात सरकतो. तिथल्या स्पीच थेरपिस्ट मंडळींना हे झोंबलं. दोन वर्षांच्या मुलाला साधारण पन्नास शब्द बोलता यावेत असं त्या शिकत आणि शिकवत आल्या होत्या. नव्या यादीत पन्नास शब्द ३० महिन्यांना आले. कोविडमध्ये मुलं मागे पडली म्हणून सरकारनं पट्टीच खाली आणली, असाही बोभाटा झाला. तो चुकीचा होता, काम महासाथीच्या आधीच सुरू झालं होतं. पण स्पीच थेरपिस्टांची खरी तक्रार वेगळी होती आणि ती आम्हाला महत्त्वाची वाटते. यादी ठरवणाऱ्या गटात आमच्यापैकी कोणी नव्हतं, असं त्यांचं म्हणणं.

यादी बदलणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. पन्नासची यादी हातात असली की काय होतं? मूल एखादी गोष्ट करत नाही म्हणून आई येते. डॉक्टर म्हणतो, अहो, निम्मी मुलं या वयात करतच नाहीत, वाट पाहा. यादीच डॉक्टरला वाट पाहायला शिकवते. पंचाहत्तरची यादी असेल तर न करणारी मुलं चौथा हिस्सा उरतात आणि मग डॉक्टरला 'वाट पाहा' म्हणणं जड जातं. हेतू स्तुत्य आहे.

आता तिसरा आकडा. १९९१ मध्ये तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्राच्या एम. के. सी. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा तक्ता प्रसिद्ध केला. तो बडोद्याच्या प्रमाणांवर उभा होता. जन्मापासून दोन वर्षांपर्यंत फक्त १७ गोष्टी. प्रत्येक गोष्टीसाठी एक आडवी पट्टी. तिच्या डाव्या टोकाला १०० पैकी ३ मुलं ती गोष्ट करतात, उजव्या टोकाला ९७. मुलाच्या वयापाशी एक उभी रेघ धरायची आणि पट्टी रेघेच्या डावीकडे संपत असूनही मूल ती गोष्ट करत नसेल तर त्याला पुढे पाठवायचं. पेन्सिल असली की झालं, काही मिनिटांचं काम.

म्हणजे बघा. पन्नास, पंचाहत्तर, सत्त्याण्णव. तीनही आकडे शास्त्रीय. मोजणी प्रत्येक ठिकाणी प्रामाणिक. पण बाळाच्या अंगात हे आकडे कुठे आहेत? कुठेच नाहीत. किती टक्के मुलं काय करतात हे निरीक्षणानं कळतं, मान्य. किती टक्क्यांवर आपण काळजी करायला लागावं, हे कुठल्याही निरीक्षणातून निघत नाही. ते ठरवावं लागतं. 'आहे' यातून 'असावं' निघत नाही, हे ह्यूमनं अठराव्या शतकात दाखवलं आणि आम्ही चाळीस वर्षं झोपाळू मुलांना शिकवलं. जॉर्ज कांगिलेम नावाचे एक फ्रेंच तत्त्वज्ञ होते. तत्त्वज्ञानाचे शिक्षक असताना ते वैद्यक शिकायला गेले आणि १९४३ मध्ये त्यांनी प्रकृती आणि विकृती यांवरच प्रबंध लिहिला. सरासरी म्हणजे स्वास्थ्य नव्हे, हा त्यांचा मुद्दा या याद्यांना तंतोतंत लागू पडतो.

मग तो आकडा कशावरून ठरतो? आमचं उत्तर असं, की रेघेच्या पलीकडे कोण उभं आहे यावरून. अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलाबद्दल शंका आली तर पालक स्वतः सरकारी यंत्रणेकडे तपासणी मागू शकतात. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, तपासणीचे पैसे पडत नाहीत. अशा ठिकाणी पंचाहत्तरवर रेघ काढणं परवडतं. जिथे तपासणारा शंभर मैलांवर एखादाच, तिथे चौथा हिस्सा मुलं त्याच्या दारात पाठवून चालेल का? तिथे रेघ सत्त्याण्णववर जाते. यात लबाडी नाही, हा व्यवहार आहे. पण हा व्यवहार पाठ्यपुस्तकात छापला जातो तेव्हा तो बाळाचा गुणधर्म म्हणून छापला जातो. विद्यार्थी तो पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि पुढे दवाखान्यात आईला सांगतात. आमची पहिली तक्रार ही आहे.

दुसरी तक्रार सांगण्याआधी एक घरची गोष्ट सांगावी लागेल. ती सांगताना आम्हाला अजूनही बरं वाटत नाही.

१९८५ च्या सुमारास आमच्या थोरल्या बहिणीचा, ताईचा, धाकटा मुलगा अडीच वर्षांचा झाला. 'मम', 'बा' आणि आणखी दोन-चार आवाज, यापलीकडे त्याचं बोलणं जाईना. ताई त्याला शहरातल्या एका नावाजलेल्या बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेली. सोबत आम्ही होतो. डॉक्टरांनी मुलाच्या पाठीमागे जाऊन टाळी वाजवली. मुलानं झटकन वळून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "कान उत्तम आहेत. मुलगे उशिराच बोलतात. तुमच्याकडे कोणी उशिरा बोललं होतं का?" आम्हीच बोललो होतो, तीन वर्षांचे होऊन. पुढे वर्गात त्याची भरपाई केली म्हणा. सगळे हसले. ताई हसली नाही. ती म्हणाली, "दार आपटलं की हा दचकतो, ट्रक गेला की खिडकीशी धावतो. पण मी मागून 'साखर हवी?' म्हटलं तर वळत नाही." डॉक्टर म्हणाले, "आईला काळजी वाटतेच." आणि घरी येताना रिक्षात आम्ही, ज्ञानमीमांसेचे प्राध्यापक, तिला म्हणालो, "ताई, तो शिकलेला माणूस आहे. तू उगाच मनाला लावून घेतेस."

मूल चार वर्षांचं व्हायला आलं तेव्हा तिनं आमचं न ऐकता त्याला मुंबईला नेलं. वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची श्रवणदोषांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था तेव्हा नवीनच निघाली होती. तिथे तपासणी झाली. त्याला खालच्या पट्टीतले आवाज ऐकू येत होते. वरच्या पट्टीतले, म्हणजे स, श, ख, त यांसारखी व्यंजनं ज्यांवर उभी असतात ते, जवळजवळ नाहीत. टाळीत सगळ्याच पट्ट्यांचे आवाज मिसळलेले असतात, म्हणून तो टाळीला वळला. 'साखर'ला वळला नाही, कारण 'साखर' त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती. कानाला यंत्र लागलं. मुलगा पुढे शिकला, आज नोकरी करतो. पण बोलणं शिकण्याच्या ऐन वयातलं दीड वर्ष गेलं. ताईनं त्याचा हिशेब आमच्याकडे कधी मागितला नाही. मागायला हवा होता.

त्या डॉक्टरांचं चुकलं काय, यावर आम्ही खूप विचार केला. टाळीची चाचणी जे दाखवू शकते ते तिनं दाखवलं. माणूस वाईट नव्हता. चुकलं ते हिशेबाच्या वहीत. समोर दोन गोष्टी होत्या. एक त्यांची स्वतःची टाळी, एका क्षणाची. दुसरं ताईचं निरीक्षण, कित्येक महिन्यांचं, आणि तेही किती नेमकं पाहा. कुठल्या आवाजाला वळतो आणि कुठल्या आवाजाला वळत नाही, हे तिनं वेगळं काढून ठेवलं होतं. तपासणीच्या खोलीत यंत्रानं पुढे जे केलं तेच. डॉक्टरांनी टाळी 'पुरावा' या खात्यात मांडली आणि ताईचं वाक्य 'काळजी' या खात्यात. आणि आम्ही त्यावर सही केली.

आपल्या न्यायदर्शनात शब्दप्रमाण नावाचं एक प्रमाण आहे. विश्वासार्ह माणसाच्या बोलण्यातून मिळणारं ज्ञान. तो माणूस म्हणजे आप्त. आप्त कोणाला म्हणायचं? ज्यानं वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जी जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, त्याला. वात्स्यायनांनी भाष्यात स्पष्ट केलं आहे, की असा आप्त ऋषी असू शकतो, आर्य असू शकतो आणि म्लेंच्छही असू शकतो. पदवी, जात, पंथ यांची अट नाही. आणि मराठीत आप्त म्हणजे काय? नातेवाईक! भाषेनं आपल्याला इतकं सोपं करून दिलं होतं. तरी त्या दवाखान्यात ताई एकाच अर्थानं आप्त ठरली.

तर दुसरी तक्रार ही, की या तज्ज्ञांच्या शिक्षणात आईचं बोलणं 'इतिहास घेणे' या सदरात मोडतं. ते घ्यायचं असतं, तोलायचं कसं हे शिकवलं जात नाही. या विद्याशाखेतल्याच काही लोकांनी हे ओळखलं, हे सांगायला आम्हाला आनंद वाटतो. फ्रान्सिस ग्लॅस्को यांनी पालकांना विचारायची दहा प्रश्नांची एक प्रश्नावली केली. तिचं नाव पेड्स. तिच्यामागचं गृहीत असं, की पालकांच्या शंका नीट विचारून नीट वाचल्या तर त्या चाचणीचं काम करतात. अंकाराच्या इल्गी एर्टेम यांनी याच दिशेनं पुढे जाऊन एक पद्धत बसवली. त्यात मुलाला टेबलाशी बसवून ठोकळे लावायला सांगत नाहीत. आईशी मोकळेपणानं बोलतात. तुमचं मूल कसं सांगतं त्याला काय हवंय? काय समजतं त्याला? या पद्धतीनं अर्जेंटिना, भारत, दक्षिण आफ्रिका आणि तुर्कस्तान अशा चार देशांतल्या ४,९४९ मुलांचा अभ्यास झाला आणि तो २०१८ मध्ये लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १०६ टप्प्यांपैकी १०२ टप्प्यांत निरोगी मुलगे आणि मुली यांच्या वयांत फरक आढळला नाही. 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणणाऱ्या सगळ्यांनी, आमच्यासकट, हा आकडा भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही.

इथे कोणी म्हणेल, सर, तुम्ही आईला देव्हाऱ्यात बसवताय. तसं नाही. आईही चुकते. पहिलं मूल असेल तर तुलनेला शेजारचं पोर, आणि शेजारीण बढाईखोर. घरात कोणी ऐकून घेणारं नसेल तर दिसत असूनही ती बोलत नाही. मूल नजरेला नजर देत नाही हे तिला कळतं, पण ते तोंडातून काढायचं धाडस होत नाही, कारण पुढचं वाक्य 'तुझ्याच माहेरी कोणीतरी असेल' हे असतं. अशा घरात यादी फार मोठं काम करते. छापलेल्या कागदावर लिहिलंय म्हटल्यावर सासूही ऐकते. अंगणवाडी सेविकेच्या हातात कागद असतो म्हणून ती घरच्यांना दोन शब्द सुनावू शकते. म्हणून आम्ही यादीच्या विरुद्ध नाही. यादी आईच्या बोलण्याला जोर देते तेव्हा ती हवीच. तिनं आईचं बोलणं थांबवलं, तर भांडण आहे.

आणि सेविकेचं नाव निघालंच आहे, तर आपल्याकडचं थोडं बोलू. अंगणवाड्या १९७५ पासून आहेत. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आला. त्यात मुलांमधल्या विकासातल्या विलंबाची तपासणी अधिकृतपणे समाविष्ट झाली आणि जिल्हा पातळीवर लवकर मदत देणारी केंद्रं ठरली. कागदावर रचना उत्तम आहे. पण तज्ज्ञांचा समुदाय म्हणून पाहा. डॉक्टरची नोंदणी वैद्यकीय परिषदेकडे. स्पीच थेरपिस्ट, चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक यांची नोंदणी १९९२ च्या कायद्यानं आलेल्या पुनर्वसन परिषदेकडे. सेविकेची नोंदणी कुठल्याच व्यावसायिक परिषदेकडे नाही, ती मानधनावर. मूल एक, नोंदवह्या तीन, आणि त्या मुलाला आठवड्यातून सहा दिवस पाहणारी बाई तिसरीत. ती नोंदवही म्हणजे पूर्वी रजिस्टरांचा गठ्ठा असे, जो ती वजन-उंची भरून वर पाठवायची. तज्ज्ञांच्या परिषदा भरतात तेव्हा सेविका कुठे असते? बहुधा पडद्यावरच्या छायाचित्रात, मुलाला मांडीवर घेऊन.

अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांनी निदान आरडाओरडा केला. त्यांची संघटना मोठी आहे, पुढे त्यांनी टप्प्यांची स्वतःची यादीच काढली. सेविका आंदोलन करतात ते मानधनासाठी, आणि ते करायलाच हवं. पण तुम्ही ठरवलेली रेघ आमच्या गावात कुठे चुकते, हे सांगायला त्यांना कोणी बोलावलंय का? 'चॅलेंजिंग केस'सारखं सदर आपल्याकडे मराठीत निघावं, एका मुलाची हकिगत घ्यावी आणि त्यावर डॉक्टर, स्पीच थेरपिस्ट, सेविका आणि आई अशा चौघांनी लिहावं. लिहायला जमत नसेल तर बोलावं, कोणीतरी उतरवून घेईल. आमची ही व्याख्यानंसुद्धा कोणीतरी उतरवूनच घेतं. अशा सदरातली शंभर प्रकरणं वाचलेला विद्यार्थी आणि नुसती कोष्टकं पाठ केलेला विद्यार्थी यांपैकी आमच्या ताईनं कोणाकडे जावं, हे सांगायला नको.

वेळ संपत आली, पण एक चिठ्ठी आली आहे ती वाचतो. "नातू दोन वर्षांचा, सात-आठ शब्द बोलतो, सून काळजीत आहे, मुलगा म्हणतो थांबू. काय करावं?" आम्ही डॉक्टर नाही, हे लक्षात ठेवून ऐका. थांबू नका. आधी कानांची तपासणी करून घ्या, टाळीची नव्हे, यंत्रावरची. मग मुलांच्या डॉक्टरांकडे जा आणि स्पीच थेरपिस्टलाही दाखवा. आणि जाण्याआधी आठवडाभर सुनेला एक वही द्या. नातू कशाला वळतो, कशाला वळत नाही, हवं ते कसं मागतो, बोटानं दाखवतो की हात धरून ओढतो, हे तिनं तिच्या शब्दांत लिहावं. डॉक्टरांसमोर ती वही तिला स्वतःला वाचू द्या. मधे तुम्ही बोलू नका.